नेपच्यूनला निघालेली गोगलगाय

विचारल्यावर मत देणारी माणसं पुष्कळ असतात. न विचारता देणारीही असतात. मतदार या दोन्हींच्या पुढचा होता. समोरचा माणूस दाराबाहेर पडला तरी याचं मत त्याच्यामागे जिना उतरत जायचं.

सार्वजनिक वाचनालयातले अकरा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि सदा रुसलेला एक स्कॅनर सांभाळणं हे त्याचं काम. एखादी कॉलेजातली मुलगी यायची, म्हणायची, "काका, प्रिंट निघत नाहीये." काका प्रिंट काढून द्यायचे, पण कागद बाहेर सरकेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात तिला ऐकवून टाकायचे की चंद्रावर माणसं पाठवणं हा निव्वळ हौसेचा कारभार आहे. यंत्रं पाठवा. यंत्राला भूक लागत नाही, आईची आठवण येत नाही आणि परत आल्यावर ते भाषणं देत फिरत नाही. मुलगी मान डोलवायची आणि कागद घेऊन सटकायची. हे रोजचं बघून बघून ग्रंथपाल बाईंनीच त्याचं नाव मतदार ठेवलं. मतं देतो तो मतदार. नाव असं चिकटलं की घरी बायकोसुद्धा चिडली की "अहो मतदार, जेवायला येताय का?" म्हणून हाक मारायची.

मतं तरी किती! दर वर्षी नवा फोन घेणाऱ्याला स्वतःची बोटं वापरता येत नाहीत, हे एक. बंद करून चालू केलं की कॉम्प्युटर बरा होतो, माणसाला ते बटण ठेवलं नाही ही फार मोठी गफलत झाली, हे दुसरं. आणि खेळांबद्दल बोलायला लागला की संपलंच! कॉम्प्युटरवरचे खेळ खेळणारी आजची पिढी भित्री आहे असं त्याचं ठाम म्हणणं. "पावलोपावली सेव्ह करून ठेवतात लेकाचे. मेलो तर पुन्हा इथूनच सुरू. अरे, मग भीती कसली? आणि भीती नाही तर जिंकण्यात काय राम?" हे सांगताना तो टेबलावर असा हात आपटायचा की वाचनालयातले पेन्शनर दचकून जागे व्हायचे.

एवढ्या बोलक्या माणसानं एका गोष्टीबद्दल मात्र वाचनालयात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे गोगलगाय.

गोगलगाय हे एका अवकाशयानाचं नाव. खरं यान नव्हे, कॉम्प्युटरमधलं. फुकट मिळणारा एक खेळ होता, त्यात यान बांधायचं, सोडायचं आणि एखाद्या ग्रहापर्यंत न्यायचं. बाकीचे लोक त्यात वेळ पळवायचं बटण दाबून संध्याकाळपर्यंत पाच ग्रह पालथे घालतात. मतदारानं काय केलं, तर ते बटणच खेळातून उपटून टाकलं. यान खऱ्याच्या वेगानं जाणार आणि आपण खऱ्यासारखं थांबणार. अकरा वर्षांपूर्वी यान सोडलं. तेव्हापासून त्याच्या घरी खिडकीखाली एक जुना कॉम्प्युटर अहोरात्र घरघरत होता. दोनदा हार्डडिस्क बदलली, पंखा किती वेळा बदलला याला तर गणतीच नाही.

आणि या वेडात त्याला साथ कुणाची, तर ताईची. सख्खी मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. चाळीस-एक वर्षं शाळेत गणित शिकवलं, एकटी राहिली, निवृत्त झाली त्या दिवशी शाळेतून आली आणि भावाला म्हणाली, "फळ्यावर खडूनं गोल काढून काढून हात दुखले रे. मला एक ग्रह जवळून बघायचाय. पुस्तकातला नको. आपण हिशेब करून गाठलेला."

"कुठला?"

"सगळ्यात लांबचा."

झालं. सगळ्यात लांबचा म्हणजे नेपच्यून. पहिल्या दिवशी वेग बघून ताईनंच यानाचं बारसं केलं, गोगलगाय.

मतदाराची बायको हुशार बाई. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अहो, पण तो ग्रह त्या खेळवाल्यांनी रंगवून ठेवलेलाच असेल ना आत? आत्ताच उघडून बघा की."

"रंगवलेला आहे," मतदार म्हणाला. "पण तिथवर जाणं आमचं आहे." बायकोनं कपाळावर हात मारला आणि विषय सोडून दिला. बहीण-भावांनी मात्र तो ग्रह खेळात किंवा खेळाबाहेर जवळून बघायचा नाही असं एकमेकांना वचन दिलं, आणि वेड्यासारखं पाळलं.

कामाची वाटणी ठरलेली होती. यान मतदाराचं, हिशेब ताईचा. यानाला कधी, कुठल्या बाजूनं, किती धक्का द्यायचा ते ताई वहीत पेन्सिलीनं मांडायची आणि तीन आकडे पाठवायची. मतदार ते न तपासता टाकायचा. तपासणं त्याला अपमान वाटायचा. "ताईच्या हिशेबात चूक निघाली तर मी मिशी उतरवीन," असं तो म्हणायचा, आणि मिशी अजून जागेवर होती.

यान जितकं लांब, तितका तिथला निरोप इथं पोहोचायला उशीर, हे तर शाळेतली पोरंही सांगतील. पण मतदाराला ते नुसतं माहीत असून पुरेना. त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलं हमाल. बहीण-भावांनी गोगलगायीबद्दल एकमेकांना काहीही पाठवलं तरी ते हमालाच्या हाती जायचं आणि यान जितकं लांब असेल तितका वेळ हमाल ते दाबून ठेवायचा. पहिल्या दिवशी सेकंदभर, आता चार तास दहा मिनिटं. फोन होता, पण फोनवर गोगलगायीचा चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता. फोनवर बोलायचं ते गुडघे, पाणी न येणं आणि गावभरच्या चौकशा यांच्याबद्दल. निरोप आला की तो आपोआप मोठ्यानं वाजेल अशीही सोय मतदारानं केली होती, कारण नियंत्रणकक्षातला माणूस बटण दाबायला आळस करत नाही, असं त्याचं मत.

तर असा हा अकरा वर्षांचा खटाटोप, आणि आज रविवारी दुपारी चार वाजता गोगलगायीनं नेपच्यूनशेजारून जाताना काढलेलं चित्र यायचं होतं. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर ग्रह पडदा भरून दिसला असता. ताईला वचन दिलेला ग्रह.

पण गेले तीन आठवडे मतदाराच्या मनात पाल चुकचुकत होती.

रोज एक चित्र यायचं. रोज ग्रह थोडा मोठा व्हायला हवा होता. होत होता, पण जितका हवा तितका नाही, आणि वर तो पडद्याच्या मधोमध राहायचं सोडून डावीकडच्या कोपऱ्याकडे सरकत चालला होता. मतदारानं ताईला ते हमालाकरवी कळवलं आणि आधी यंत्राला धरलं. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं, ते बरोबर. घड्याळाचा सेल बदलला, सरकणं चालूच. मग स्वतः उपटलेल्या त्या बटणाचा संशय घेतला, प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. हमालाला धारेवर धरलं. कॅमेरा वाकडा बसवला असेल म्हणून सहा वर्षांपूर्वीची चित्रं काढून ताडून पाहिली. सगळं जागच्या जागी! त्याला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. बिघाड सापडत नसला की हा माणूस जेवण विसरायचा, आंघोळ विसरायचा. वाचनालयात तीन आठवडे त्यानं एकही मत दिलं नाही, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

रविवारी सकाळी चहा गार करत तो बसला आणि त्याला एकच जागा उरलेली दिसली. ताईचे आकडे.

त्यानं तीनदा इकडेतिकडे बघितलं, चोरी करणार असल्यासारखं. मग ताईचे जुने निरोप उघडले. एप्रिलमधला धक्का, चार महिन्यांपूर्वीचा. तीन आकडे. तो कागद घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईचा हिशेब स्वतः करून पाहिला. दोन तास घाम गाळल्यावर उत्तर आलं. पहिला आकडा बरोबर. दुसरा बरोबर. तिसराही शेवटच्या घरापर्यंत बरोबर, फक्त त्याच्या आधी वजा हवा होता. तो नव्हता. यानाला डावीकडे ढकलायचं ते उजवीकडे ढकललं गेलं होतं, आणि ढकलणारा हात त्याचाच होता.

"असं कसं होईल?" तो मोठ्यानं म्हणाला. हिशेब चुकला असता तर आकडे चुकले असते. आकडे एकदम चोख. गेली ती फक्त एक बारीक रेघ. मग त्यानं मागचे निरोप उपसले. मार्चमध्ये एक दशांशचिन्ह गायब होतं, ते त्यानं तेव्हा "ताईला घाई झाली असेल" म्हणून आपणच टाकलं होतं. जानेवारीत वेळ लिहिताना मधले दोन ठिपके नव्हते. आणि मेपासून तर ताई लिहीतच नव्हती, बोलून निरोप पाठवत होती. "टाइप करायचा कंटाळा येतो रे." ताईला कंटाळा? जी बाई परीक्षेच्या पेपरात पट्टीनं रेघ मारली नाही म्हणून अर्धा मार्क कापायची तिला?

आकडे राहतात आणि बारीक खुणा जातात. मतदार खुर्चीवरून उठला. बिघाड सापडला होता आणि तो यंत्रात नव्हता.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"ताईकडे."

"आज? चार वाजता ते तुमचं..."

"तिथूनच बघीन." लॅपटॉप त्यानं पिशवीत घातला. मग दारातून मागे वळला आणि टेबलाच्या खणातून एक पेनड्राइव्हही खिशात टाकला. हार्डडिस्क बसली तर असावी म्हणून दर महिन्याला यानाची एक प्रत त्यावर तो काढून ठेवायचा. एप्रिलची प्रत त्यात होती. त्या प्रतीत गोगलगाय अजून ढकलली गेली नव्हती.

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एरवी बसमध्ये शेजारच्याला दोन-चार मतं ऐकवल्याशिवाय मतदाराचा प्रवास व्हायचा नाही. आज तो खिशातल्या पेनड्राइव्हवर हात ठेवून बसला होता. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते काही केल्या जुळेना. बारा वाजता तो ताईच्या पायऱ्या चढत होता आणि एकदम त्याच्या डोक्यात आलं, आत्ताच गेली असेल गोगलगाय ग्रहाशेजारून. जे व्हायचं ते तिकडं होऊन गेलं, आपल्याला कळायला फक्त चार वाजायचे बाकी आहेत.

"तू?" दार उघडून ताई म्हणाली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी बघितलं. "आज कसा आलास? आणि लॅपटॉप घेऊन?"

"तुला कसं कळलं पिशवीत लॅपटॉप आहे ते?"

"चार्जरची वायर लोंबतेय. जिन्यावर आपटत आली ना."

तो आत येऊन बसला. ताई चहा करायला लागली आणि मतदार, ज्याला आजवर लोकांच्या घरात फक्त त्यांचा कॉम्प्युटर दिसायचा, तो आज सगळं बघत होता. शेगडीच्या बटणावर काळी पट्टी चिकटवलेली, हाताला लागावी अशी. ताईनं कपात चहा ओतताना काठाच्या आत बोट धरलं आणि चहा बोटाला लागला तशी थांबली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाड मार्करनं आजच्या तारखेभोवती केवढं तरी मोठं वर्तुळ काढलेलं. वह्यांची चळत टेबलावर, वर एक भिंग.

विचारायचं ते त्याला विचारवेना. मग या माणसानं काय केलं असेल? मत दिलं.

"मंगळावर माणसं राहायला जाणार म्हणतात," तो म्हणाला. "मूर्खपणा आहे."

"का बरं?"

"इथं आपल्याला शेजाऱ्याशी धड पटवून घेता येत नाही, तिकडं एका डब्यात सहा जण कोंडून काय होणार?"

"मला वाटतं जावं कुणीतरी," ताई म्हणाली. "यंत्र बघतं, पण यंत्राला 'अगंबाई' म्हणता येत नाही."

एरवी यावर तासभर जुंपली असती. आज मतदार नुसता "हं" म्हणाला. मग तो नव्या खेळांवर बोलला, पडद्यांच्या वाढत्या आकारावर बोलला, कीबोर्डांची पूर्वीची खटखट कशी गेली यावर बोलला. ताई "हो का" म्हणत राहिली. एक वाजला. तिनं टोस्ट भाजले, ते खाल्ले. दीड वाजला. दोघंही मधूनमधून घड्याळाकडे वळायची, तो बघायला आणि ती टिकटिक ऐकायला. ताईला आज काही बसवत नव्हतं. दोन वाजल्यावर तर ती उगाच उठली, टेबलावरच्या वह्या सरळ केल्या, आणि एकदम म्हणाली, "तो लॅपटॉप चालू आहे का रे?"

"आहे. घरच्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय."

"बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणते ना! नाहीतर तू असं कर, कोपऱ्यावरच्या दुकानात जा, बिस्किटं आण."

"अगं, बिस्किटं आहेत समोर."

दोन वाजून दहा मिनिटं झाली. टुंग, असा आवाज आला. हमालानं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं होतं. आणि मतदारानं अकरा वर्षांपूर्वी करून ठेवलेल्या सोयीप्रमाणे निरोप आपोआप, मोठ्यानं, खोलीभर वाजायला लागला.

"बारक्या, ऐक," लॅपटॉपमधून ताईचा आवाज आला. सकाळी दहाचा आवाज. "एप्रिलच्या हिशेबात तिसऱ्या आकड्याला वजा होता. माझ्या वहीत आहे. तुला पाठवताना राहिला. चूक माझी आहे, तू यान उघडून बसू नकोस. वजा मला दिसलाच नाही रे. मला मधलं दिसत नाही आता. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही. आठ महिने झाले. गोगलगाय पोहोचली की सांगू असं म्हटलं होतं. तुला हे मिळेल तेव्हा दोन वाजून गेले असतील. मधे दोन तास आहेत, तेवढ्यात काय रडायचं ते रडून घे आणि चार वाजता चित्र नीट बघ. मग फोन करून मला सांग कसं दिसलं ते. आज नियम मोडला तरी चालेल."

निरोप संपला. ताई वह्यांवर हात ठेवून उभी होती.

"हा इथं वाजायला नको होता," ती म्हणाली.

मतदाराला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. "आठ महिने? सख्खा भाऊ आहे मी! परका आहे का? दर रविवारी फोनवर गुडघ्यांचं सांगतेस, आणि हे नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मत दिलं असतंस."

मतदारानं लॅपटॉपचा आवाज बारीक केला.

"खरंच सांगते," ताई खुर्चीत बसली. "डॉक्टर कसे बदलावेत, चष्मा कुठला घ्यावा, बोलणारे कॉम्प्युटर कसे बकवास असतात... मला त्याचीच धास्ती होती रे. मला फक्त तुझ्यापाशी थोडे दिवस पहिल्यासारखं राहायचं होतं. हिशेब करणारी."

त्याला ते लागलं. चांगलंच लागलं. आणि खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. त्यानं डोळे पुसले, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "यात एप्रिलची प्रत आहे. वजा टाकतो, उपटलेलं बटण परत बसवतो, चार महिने पळवतो. अर्ध्या तासाचं काम. चार वाजता तुला पडदाभर ग्रह दाखवतो. वचन दिलंय मी तुला."

ताईनं टेबल चाचपडून पेनड्राइव्ह हातात घेतला. "सेव्ह करून खेळणारे कोण असतात रे?"

"ते माझं मत होतं, ताई. खड्ड्यात गेलं ते मत."

"तू मत बदल की. तुला कोण अडवतंय?" ती हसली. "पण मी हिशेब कसा बदलू? माझा वजा राहिला आणि गोगलगाय तिकडून गेली. बारा वाजताच गेली. आता हे बटण दाबून जे दिसेल तो ग्रह गाठला कुणी? पेनड्राइव्हनं. मला आपला बघायचाय. जसा असेल तसा."

"तो एवढासा असेल, ताई! तुला..."

"मला दिसणार नाही, हेच ना? तर तू सांग." तिनं पेनड्राइव्ह त्याच्या खिशात परत घातला, पहिल्या खेपेला खिसा चुकला, दुसऱ्या खेपेला सापडला.

मधल्या दोन तासांत ती त्याला वही दाखवत बसली, पानापानावर बोट ठेवून. कुठलं पान कुठल्या वर्षाचं हे तिला तोंडपाठ होतं. मतदार प्रश्न विचारत होता. हे असं का केलंस, इथं हे कुठून आलं, असे साधे प्रश्न. अकरा वर्षं ज्या आकड्यांना त्यानं हात लावला नव्हता ते किती सुंदर मांडलेले आहेत हे त्याला आज कळत होतं, आणि आपण आधी का विचारलं नाही याचं वाईट वाटत होतं.

चार वाजले. चित्र वरून खाली, एकेक ओळ करत उतरायला लागलं. काळं. आणखी काळं. मतदार ताईच्या शेजारी बसला होता आणि त्याला आतून वाटत होतं की सांगून टाकावं, भला मोठा आहे ताई, निळाशार, पडदा पुरत नाहीये. कोण पकडणार होतं? त्याच्या ओठांवर ते आलंही.

"मत नको," ताई म्हणाली. "दिसतंय ते सांग."

"काळं आहे," तो म्हणाला. "अजून काळंच. थांब. आला. वरच्या बाजूला, डावीकडे. वाटाण्याएवढा आहे गं. निळा आहे. बस, एवढंच."

ताईनं खुर्ची जरा पुढं ओढली, आणि मग पडद्यावरून तोंड फिरवून सरळ उजवीकडच्या खिडकीकडे बघायला लागली. अकरा वर्षं वाट बघितली आणि आता तिला बघवतही नाहीये, असं मतदाराला वाटलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला हलवू नकोस," ताई म्हणाली. तिची मान अगदी हळूहळू वळत होती. थोडी खिडकीकडे, थोडी परत, जरा वर. "तो लॅपटॉप इकडं कर बोटभर. पुष्कळ झालं. आता थांब."

ती थांबली.

"अगंबाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"दिसला!"

"कुठं बघतेयस तू? तो इकडं आहे."

"खिडकीकडेच बघतेय. तिकडं बघितलं की कडेला इथला दिसतो." ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला मान हलवावी लागली असती. "मोठा असता ना बारक्या, तर त्याच्या मधोमध भोक पडलं असतं. नुसती कड दिसली असती मला. एवढासा आहे म्हणून अख्खा मावला."

मतदार पडद्याकडे बघत राहिला, मग ताईकडे. यावर त्याच्यापाशी काहीही मत नव्हतं. त्यानं खुर्ची तिच्या खुर्चीला लावली.

"कसा दिसतोय?" त्यानं विचारलं. "सांग ना मला."

"निळा आहे," ताई म्हणाली. "आणि थरथरतोय. नाही, थांब, मीच थरथरतेय."